पानं रंगीत, कुत्रं गावठी

फूलझाड लावणाऱ्याला गावात कुणी कारण विचारत नाही. जास्वंद गणपतीला जातं, झेंडू दसऱ्याला, मोगरा गजऱ्याला. प्रत्येक फुलाला कुठे ना कुठे नोकरी लागलेली असते. फळझाडाचं तर बोलायलाच नको. पण ज्याला नजरेत भरेल असं फूल येत नाही, फळ येत नाही, ज्याची भाजी होत नाही आणि जे निव्वळ पानं रंगीत असल्याच्या जोरावर भर उन्हाळ्यात बादलीभर पाणी पितं, असं झाड अंगणात लावलं की येणारा-जाणारा फाटकाशी थांबतो. इंझोरी हे वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस ह्यांच्यावर पोट असलेल्या ह्या मुलखात माणूस पानाकडे बघतो तो एकाच हेतूनं: रोग पडला का? त्यामुळे माझ्या अंगणातलं पिवळ्या ठिपक्यांचं क्रोटन बघून शेजारच्या भाऊंनी अगदी मनापासून हळहळत विचारलं, "गुर्जी, याच्यावर येलो मोझॅक आला वाट्टे?"

सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला की पानं अशीच चितारलेली दिसतात आणि शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं. तेच पान कुंडीत असलं की नर्सरीवाला त्याचे दोनशे रुपये घेतो. "रोगाचेबी पैसे देऊन राह्यले तुमी," असा निकाल देऊन भाऊ वावरात गेले.

भाऊंचा प्रश्न वाटतो तितका भोळा नाही. रंगीत पानांच्या जगात सगळ्यात मानाची जात होस्टाची. तिला लागणारा एक विषाणू १९९६ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात ओळखला गेला. तो लागला की पानावर गमतीदार ठिपके आणि शाईचे ओघळ उमटतात. हा रोग आहे हे नीट कळेपर्यंत असली काही रोपं नवीन देखणं वाण म्हणून नाव ठेवून विकली गेली होती. एकाचं नाव 'ब्रेकडान्स', दुसऱ्याचं 'लेपर्ड फ्रॉग'. आमचे भाऊ तिथे असते तर एका नजरेत सांगून मोकळे झाले असते आणि कित्येक हौशी लोकांचे डॉलर वाचले असते.

हा होस्टा मला कळला तो भाचीमुळे. ती मिशिगनमध्ये असते. तिच्या घरामागे मॅपलच्या सावलीत होस्टाची रांग आहे. निळसर पानं, पोपटी पानं, हिरव्या पानाला पांढरी किनार, पांढऱ्या पानाला हिरवी किनार. साडीच्या दुकानातसुद्धा काठांचे इतके प्रकार एका वेळी उलगडून दाखवत नाहीत. ती व्हिडिओ कॉलवर एकेक पान उचलून दाखवते आणि तिचा लॅब्राडोर मधेच येऊन नेमका त्याच पानावर बसतो. मग चित्र हलतं, इंग्रजीत दोन आज्ञा होतात, त्यांचा उपयोग होत नाही, आणि शेवटी ती शुद्ध वऱ्हाडीत "हाड!" म्हणते. त्यानंतर तो उठतो.

होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीन ह्या बाजूचा. झीबोल्ड नावाचा जर्मन डॉक्टर डचांच्या नोकरीत १८२३ साली नागासाकीला गेला. जपानचे नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून १८२९ साली त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. सरकारचं सगळं लक्ष नकाशांवर. रोपांकडे कोण बघतो! युरोपात होस्टाचा जो पसारा झाला त्यात ह्या गृहस्थाचा वाटा मोठा. अमेरिकेत १९६८ पासून 'अमेरिकन होस्टा सोसायटी' नावाची संस्थाच आहे आणि नाव मिळालेली वाणं हजारोंनी आहेत. तिथले उत्पादक दर वर्षी एक होस्टा निवडून त्याला वर्षाचा मान देतात. २००८ साली तो मान 'ब्लू माऊस इअर्स' ह्या वाणाला मिळाला, म्हणजे निळ्या उंदराच्या कानांना. आमच्याकडे उंदराचे कान असं नाव सांगून कुणी रोप विकायला आला, तर त्याच्याकडे रोप कुणी घेणार नाही. पिंजरा आहे का विचारतील.

"मामा, एकदा लावून बघा ना तिकडे," असं भाची दर खेपेला म्हणते. तिला इंझोरी सोडून बरीच वर्षं झाली. होस्टाला हिवाळ्यात गाढ झोप लागते आणि त्या झोपेसाठी त्याला कित्येक आठवडे पाच अंशांच्या आसपासची किंवा त्याहून कडक थंडी हवी असते. आमच्याकडे पारा दहाच्या खाली उतरला की शेकोटीभोवती माणसं जमतात आणि वर्तमानपत्रात बातमी येते. दोन-चार दिवसांनी सगळे पुन्हा अर्ध्या बाह्यांत. एवढ्यात होस्टाची झोप व्हायची नाही. आणि मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा तर विचारूच नका. होस्टाच्या पानाची निळाई हा मुळात पानावरचा मेणाचा पातळ थर असतो. कडक ऊन लागलं की तो उतरतो आणि खालचं साधं हिरवं पान उघडं पडतं. इथे तो मे महिना काय, होळीही बघणार नाही.

एका बाबतीत मात्र होस्टा माझ्या क्रोटनपेक्षा सरस निघाला. "याची भाजी तरी होते का?" असं गावातल्या एका आजीबाईंनी क्रोटन बघून विचारलं होतं. क्रोटनची होत नाही. त्याचा चीक तोंडाला लागला तर जीभ चरचरते. जपानात मात्र होस्टाचे कोवळे कोंब 'उरुई' म्हणून बाजारात येतात आणि लोक ते आवडीनं खातात. हे सांगितल्यावर आजीबाईंनी होस्टाला परवानगी दिली, "मंग ते लावाचं होतं, हे कायले लावलं?"

तर होस्टा नाही म्हणून मी त्याचे उष्ण देशातले पाहुणे जमवले. क्रोटन हे इंडोनेशिया-मलेशियाकडचं. त्याला ऊन चालतं, किंबहुना उजेड कमी पडला तर ते लाल-पिवळं सोडून हिरवं व्हायला लागतं. कोलियस नाजूक, कांडी खोचली की लागते आणि एक दिवस पाणी चुकलं की मान टाकते. कॅलेडियम दक्षिण अमेरिकेतलं, आपल्या अळूच्या कुळातलं. गुलाबी-पांढऱ्या पानांच्या बाबतीत होस्टाला सहज खाली बघायला लावेल. शिवाय ड्रेसिना, जांभळ्या पोटाचं ऱ्हिओ आणि पांढऱ्या पट्ट्यांचा स्पायडर प्लँट. ह्या सगळ्यांना मिळून एकच जागा सोयीची होती. सकाळचं ऊन लागेल, दुपारी सावली मिळेल, जमीन ओलसर राहील अशी. आमच्या अंगणात तशी जागा कडुनिंबाखाली, न्हाणीचं पाणी जिथून वाहतं त्या बाजूला आहे. आणि त्या जागेवर आधीपासून वहिवाट होती.

वहिवाटदार तिघे. मोत्या आमचा, म्हणजे त्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि त्याच्या इंजेक्शनचे पैसे मी देतो. काळू कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा. तो सकाळी एका घरी, दुपारी आमच्याकडे आणि संध्याकाळी ज्या घरी मटण असेल तिथे. तिसरी एक पांढरी कुत्री. ती पाहुणी म्हणून येते आणि थंडीच्या दिवसांत पिलांसह राहून जाते. तिघंही अस्सल गावठी. ह्या जातीला कागदपत्र नसतं, पण हक्काची जाणीव पेडिग्रीवाल्या कुत्र्यापेक्षा जास्त असते.

कडुनिंबाखालच्या त्या जागेच्या सातबाऱ्यावर नाव माझं. पण विदर्भाचा कूळकायदा १९५८चा आहे आणि कूळकायद्यामागचं तत्त्व गावात पोराटोरांनाही पाठ: कसेल त्याची जमीन. आता ह्या जमिनीची मशागत कोण करतं ते प्रामाणिकपणे बघायचं ठरवलं, तर मी खुरपं घेऊन पावसाळ्यात एकदा बसतो. काळू बारा महिने उकरतो. खोल उकरतो, मन लावून उकरतो, वर माती भुसभुशीत करून ठेवतो. तहसीलदारासमोर प्रकरण गेलं तर निकाल काय लागेल ह्याची मला धास्तीच होती.

मी कोलियसच्या कांड्या लावल्या आणि पाणी दिलं. दुपारी बघतो तर काळू कांड्यांच्या मधोमध वेटोळं करून झोपलेला. बसण्याआधी कुत्रं दोन-तीन गोल फेऱ्या मारतं हे सर्वांना माहीत आहे. त्या फेऱ्यांत कांड्या लोळल्या आणि बैठकीत त्यांचं भरीत झालं. मी काठी घेऊन धावलो. मोत्या माझ्याबरोबर भुंकत धावला, आणि काळू उठताच त्याच्या जागेवर जाऊन बसला. तात्पर्य, भांडण कोलियसशी नव्हतंच.

कुत्रं असं का करतं ह्याचा विचार बागवाल्यानं करावा; कारण कुत्रं बागेचा विचार करत नाही. आपल्याला अंगभर घाम येतो, वाऱ्याची झुळूक आली की गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या तळव्यांना. बाकीची उष्णता त्यानं जीभ काढून धापा टाकत बाहेर घालवायची. त्यात त्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम. आपल्याला एकशे एक-दोन अंश फॅरनहाइट चढला की आपण पांघरूण घेऊन पडतो आणि शाळेत चिठ्ठी पाठवतो; कुत्र्याचं ते रोजचं निरोगी तापमान आहे. असं जनावर चव्वेचाळीस अंशांत काय करणार? ते वरची तापलेली माती उकरून खालची गार माती उघडी करतं आणि तीवर पोट टेकतं. आणि गावातली सगळ्यात गार, सगळ्यात ओली माती कुठे असते? ज्यानं नुकतंच कोलियसला पाणी घातलंय त्याच्या अंगणात.

"पण एवढी सुंदर पानं समोर असताना!" असं माझ्यातला रसिक म्हणाला. त्याची समजूत विज्ञानानं घातली. १९८९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात कुत्र्यांना रंग कसे दिसतात ते तपासलं गेलं. तपासणीत दोन इटालियन ग्रेहाऊंड आणि एक पूडल होता. वऱ्हाडाला प्रतिनिधित्व नव्हतं, पण डोळ्याची घडण सगळ्यांची तीच. निष्कर्ष असा की कुत्र्याला निळं आणि पिवळं दिसतं. लाल आणि हिरवं ह्यांतला फरक मात्र त्याला उमगत नाही, दोन्ही मळकटच. म्हणजे मी अकोल्याहून मांडीवर धरून आणलेलं लालभडक क्रोटन मोत्याच्या लेखी वाळक्या तुरीचं झुडूप. त्याच्या नाकात मात्र वीस कोटींच्या वर गंधपेशी. आपल्या नाकात जेमतेम पन्नास-साठ लाख. त्यामुळे मी पानांकडे बघत उभा असताना मोत्या खतात काय काय घातलंय ह्याची शहानिशा करत असतो. हाडांचा चुरा घातला असला तर तो पूर्ण वसूल झाल्याशिवाय कुंडी सरळ उभी राहत नाही.

लाल रंग उमगत नाही म्हटल्यावर लाल पाण्याच्या बाटलीचं काय, हा प्रश्न गावात उपस्थित झाला. आपल्याकडे फाटकाशी, ओट्यावर, दुकानापुढे कुंकवाच्या किंवा कसल्याशा लाल पाण्यानं भरलेल्या बाटल्या टांगलेल्या असतात. लाल पाणी बघून कुत्रं फिरकत नाही, अशी त्यामागची श्रद्धा. काहींच्या घरी नीळ घातलेली बाटली असते. विज्ञानाच्या बाजूनं बघितलं तर निळीवाल्यांची बाजू त्यातल्या त्यात भक्कम, कारण कुत्र्याला ती निळी दिसते तरी. पण दिसणं वेगळं आणि भिणं वेगळं. आमच्या निंबाला दोन्ही रंगांच्या बाटल्या बांधून झाल्या. काळू त्यांच्या सावलीत झोपतो. पांढरीचं एक पिल्लू बाटलीची दोरी तोंडात धरून झोका घेतं. बाटलीचा खरा उपयोग एवढाच झाला की येणारा-जाणारा आता क्रोटनऐवजी बाटलीबद्दल विचारतो.

उपाय सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी मिरचीपूड सांगितली. ती वाऱ्यानं माझ्याच डोळ्यांत गेली. कुणी संत्र्याच्या साली टाका म्हटलं. लिंबू-संत्र्याचा वास कुत्र्यांना आवडत नाही हे खरं, पण साली दोन दिवसांत वाळतात आणि वास जातो. मग रोज ताज्या साली हव्यात म्हणून रोज संत्री आणा. मग घरातली मंडळी म्हणतात की कुत्र्यांच्या निमित्तानं का होईना, घरात फळं यायला लागली. कुणी बोराटीचे काटे पसरायला सांगितले. ते कुत्र्यांनी नीट टाळले आणि मी अनवाणी पाणी घालायला गेलो. मग पऱ्हाटीचं कुंपण झालं. कापूस वेचून झाला की पऱ्हाट्यांचा गावात सुकाळ असतो. कुंपण देखणं झालं. दुसऱ्या दिवशी त्यातली एकेक काडी वेगवेगळ्या घरांपुढे चघळलेल्या अवस्थेत मिळाली. गावातलं प्रत्येक पिल्लू त्या आठवड्यात दात शिवशिवत असल्याच्या वयाचं होतं.

अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, १९६९ पासून. तिथल्या माणसांना बोंडअळीबद्दल विचारा, उत्तर तयार. हुमणी विचारा, चक्रीभुंगा विचारा, तयार. "कोलियसवर बसणारं कुत्रं" हा प्रश्न घेऊन जायचं धाडस मला झालं नाही. कारण आमच्याकडच्या शेतकऱ्याचा चार पायांचा त्रास फार मोठा आहे. रात्री रोह्यांचा कळप येतो, रानडुकरं येतात आणि सकाळी हरभऱ्याच्या जागी तुडवलेली जमीन असते. त्या रांगेत उभं राहून क्रोटनचं गाऱ्हाणं सांगायला तोंड पाहिजे. तिकडे मिशिगनमध्ये भाची हरणांच्या नावानं ओरडते. तिकडच्या हरणांना होस्टा म्हणजे मेजवानी. हौस कोणत्याही देशातली असो, तिच्या वाट्याला एक तरी जनावर लिहिलेलं असतंच. मला कुत्री आली, हे भाग्यच म्हणायचं. ती निदान रात्री रोही आली की भुंकतात.

शिवाय आमच्या भागात कुत्र्यावर काठी उगारताना हात जरा अडखळतो. आमच्या शेजारचं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, दत्तभक्तांचं मोठं ठिकाण. त्यामुळे घरोघर दत्ताची तसबीर. मागे गाय, वर औदुंबर, पायाशी चार कुत्री. ही चार कुत्री म्हणजे चार वेद असं सांगतात. बागकामाच्या नजरेनं त्या तसबिरीकडे बघितलं तर थक्क व्हायला होतं. एक झाड, चार कुत्री, शिवाय एक गाय, आणि झाडाला ना जाळी ना कुंपण. बुंध्याशी कुठे उकरल्याची खूण नाही. ती कुत्री वेद असल्यामुळे उकरत नसावीत. माझ्याकडची निरक्षर आहेत. मी एकदा काळूवर चप्पल उगारली तेव्हा भाऊ फाटकातून ओरडले, "गुर्जी, मारू नोका! त्यातला एखांदा ऋग्वेद असन!" संत नामदेव कुत्र्यानं पोळी पळवली तर तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते. त्या महाराष्ट्रात आपण चप्पल घेऊन धावतोय हे लक्षात आल्यावर चप्पल पायात घालावी लागली.

देवाच्या पायाशी जागा आहे, पण सणात नाही, ही कुत्र्याची आपल्याकडची स्थिती. बैलाला पोळा आहे, नागाला पंचमी आहे, गाईला वसुबारस आहे. कुत्र्याला वर्षभर "हाड". नेपाळी लोक तिहारात एक दिवस कुत्र्यांसाठी राखून ठेवतात. त्या दिवशी कुत्र्याला टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. आपल्याकडे झेंडूची माळ घातली तर ती चघळून होईपर्यंतच टिकेल, ही अडचण आहेच.

पाय वर करण्याचा विषय सभ्य माणसं टाळतात, पण बागवाल्याला तो टाळून चालत नाही. क्रोटनच्या एका बाजूची पानं करपायला लागली तेव्हा भाऊंनी पुन्हा रोगनिदान केलं, आणि ह्या वेळी ते अचूक होतं. कुत्र्याच्या मुतात युरिया असतो. युरिया म्हणजे नत्र, नत्र म्हणजे खत. मग झाड मरतं कसं? भाऊंनी वावरातलं उदाहरण दिलं. पिकावर युरिया फवारायचा तर दोन टक्क्यांचा. जास्त झाला की पानं जळतात. "काळूले टक्का समजत नाई गुर्जी." उपाय सोपा आहे: काळूनं फवारणी केली की लगेच त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, म्हणजे टक्का खाली येतो. पण फवारणी नेमकी केव्हा होणार ह्याचं वेळापत्रक त्यानं दिलेलं नाही. म्हणून कोपऱ्यावर एक जुना लाकडी ओंडका उभा करून ठेवला. कुत्र्याला पान लागत नाही, उभी वस्तू लागते. त्या ओंडक्यावर आता गावातली सगळी कुत्री सही करून जातात, क्रोटन सुटलं.

आता जरा गंभीर. रंगीत पानांतली बरीचशी झाडं कुत्र्याच्या पोटाला चांगली नसतात, आणि हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. होस्टासुद्धा त्यातलाच, त्यात सॅपोनिन असतात, कुत्र्यानं खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. कॅलेडियम आणि डिफेनबेकिया ह्यांच्या पानांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आपल्या खाजऱ्या अळूत असतात तेच. म्हणून तर आपण अळूच्या भाजीत चिंच घालतो. पांढरीच्या एका पिल्लानं कॅलेडियमचा एक तुकडा तोडला, दोन्ही पंजांनी तोंड घासत आणि लाळ गाळत ते अंगणभर फिरलं. तोंड पाण्यानं धुतलं, गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, संध्याकाळपर्यंत ते पुन्हा बाटलीला लोंबकळायला लागलं. त्यानंतर कॅलेडियमची रवानगी उंच ओट्यावर झाली. सायकस, म्हणजे ते छोट्या ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड, कुत्री असलेल्या घरी लावूच नये. त्याच्या बिया कुत्र्याचं यकृत निकामी करतात. कण्हेरीची तीच गत, तिचं विष हृदयावर जातं. स्पायडर प्लँट, मरांटा, अरेका पाम ही मंडळी मात्र निरुपद्रवी. कुत्र्यानं खाल्लीच तर नुकसान फक्त आपलं.

एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. हे भांडण बारमाही नाही. मृगाचा पाऊस पडला, काळी माती भिजली, की सगळं गावच गार होतं आणि कुत्र्यांना माझ्या अंगणाची गरज राहत नाही. जून-जुलैत कॅलेडियमचे कंद फुटतात, श्रावणात पानं ऐन रंगात येतात, आणि तेव्हा बाग शाबूत असते. त्या दिवसांत त्रास एवढाच की पंजाला चिकटलेली काळी माती ओसरीवर येते आणि फरशीवर कुत्र्यांचा सविस्तर जबाब नोंदवला जातो. हिवाळ्यात कॅलेडियमची पानं गळतात, कंद काढून कोरड्या वाळूत ठेवायचे असतात. ती तारीख माझ्या डोक्यातून जाते, काळूच्या जात नाही. तो कंद आधीच वर काढून ठेवतो. खरं युद्ध मार्च ते जून. तेव्हा झाडाला, कुत्र्याला आणि खाट टाकून पडणाऱ्या मला, तिघांनाही एकच जागा हवी असते.

म्हणजे प्रश्न पानांचा नव्हता, गारव्याचा होता. आजीबाईंनी तो एका वाक्यात मिटवला: "तुमाले पाह्याले पाह्यजे, त्याले बसाले पाह्यजे. दोघाइले येगयेगयी जागा द्या ना बाप्पा!" पन्नास पानांचं बागकामाचं पुस्तक वाचून मला जे कळलं नव्हतं ते हेच.

मग वाटणी झाली. निंबाखाली, माठाचं पाणी निथळतं त्या बाजूला, हातभर खोल खड्डा करून त्यात वाळू भरली. रोज सकाळी त्यावर बादलीभर न्हाणीचं पाणी. ती जागा कुत्र्यांची. कुंपणाच्या कडेकडेनं धावत जाऊन फटफटीवर भुंकायची त्यांची ठरलेली वाट असते. ती दीड-दोन फूट मोकळी सोडली, कारण तिथे काहीही लावलं तरी ते रहदारीत सापडणार. क्रोटन दाट लावली, मधे उघडी माती राहू दिली नाही. उघडी ओली माती दिसली की कुत्र्याला ती निमंत्रण वाटते. नाजूक कोलियस ओट्यावर गेली. खाट ओसरीत आली. ह्या तहात सगळ्यात जास्त माघार मी घेतली हे मान्य, पण तहावर सही करायला अंगठा फक्त माझ्याकडेच होता.

भाची परवा विचारत होती, "मामा, झाडं कशी आहेत?" झाडं उत्तम आहेत. क्रोटन तिच्या होस्टापेक्षा जास्त लाल आहे आणि बर्फाखाली झोपायला जात नाही. काळूला ते अजूनही मळकट दिसतं, त्याची त्याला खंत नाही.

विदर्भात बाग करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. रोप आणायला नर्सरीत जाण्याआधी मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी, दोनच्या सुमाराला, अंगणात कुत्रं कुठे बसलंय ते बघून ठेवा. तुमच्या अंगणातली सगळ्यात चांगली जागा तीच. ती त्याला देऊन टाका आणि उरलेल्या अंगणात हवे ते रंग लावा.